तीन आट्यांचं पाणी

नगराध्यक्षांचं नाव विचारलं तर गावातली निम्मी घरं अडखळतील, पण व्हॉल्व्हमनचा मोबाइल नंबर प्रत्येक घरात असतो. मुंबईत त्याला चावीवाला म्हणतात, सांगली-साताऱ्याकडे वॉलमन. खांद्यावर छातीएवढ्या उंचीची टी आकाराची लोखंडी चावी, पायात स्लिपर आणि खिशात सतत वाजणारा फोन. मुंबईच्या पाण्यावर लिसा ब्यॉर्कमन यांचं ‘पाइप पॉलिटिक्स, कंटेस्टेड वॉटर्स’ (२०१५) आणि निखिल आनंद यांचं ‘हायड्रॉलिक सिटी’ (२०१७) अशी दोन इंग्रजी पुस्तकं आहेत. दोन्हींत हा चावीवाला भेटतो. माणसावर लिहिलं गेलं, ते योग्यच झालं. पण त्याच्या चावीच्या खालच्या टोकाला, रस्त्याच्या तीन-चार फूट खाली चिखलात जे यंत्र असतं, त्याकडे वाकून पाहायला कुणाला फारशी सवड नसते. गावाचं पाणी अडतं ते तिथं, आणि पुष्कळदा नासतंही तिथंच.

कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेच्या गावात पहाटे पाचच्या सुमारास हे काम जवळून बघायला मिळालं. व्हॉल्व्हमन साठीकडे झुकलेले, रोजंदारीवर लागून पुढे कायम झालेले. पहारीनं चेंबरचं झाकण बाजूला सारलं तेव्हा आत गुडघाभर पाणी होतं. पाइपाचं नव्हे, शेजारच्या गटारीचं. वर प्लास्टिकच्या पिशव्या, कडेला एक बेडूक. त्यांनी टॉर्च लावलाच नाही. चावी त्या काळ्या पाण्यात सोडली, दोन-तीनदा इकडेतिकडे चाचपली आणि स्पिंडलचं चौकोनी डोकं बरोबर खोबणीत बसलं. मग चावीचे दोन्ही दांडे धरून चेंबरभोवती गोल चालायला सुरुवात. ओठ हलत होते. एक, दोन, तीन... पाण्यानं आधी घरघर केली, मग सूं असा लांब आवाज धरला. तेवढ्यात समोरच्या दारातून एक बाई आल्या.

“मामा, काल आमच्याकडं बादलीभर पण आलं न्हाई.”

“आज पुरं सोडतोय ताई. पर मोटार लावू नगा तेवढी. तुमी वढलं की म्होरच्याचं जातंय.”

बाई काही न बोलता आत गेल्या. मोटर लागणार हे दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या चेंबरवर मात्र मामांनी तीनच आटे दिले आणि चावी उचलली. सहा इंची व्हॉल्व्ह पुरा उघडायला साधारण वीस-एकवीस आटे लागतात. मग तीनच का? “खालची आळी हाय ही. चार केलं की टाकीच रिकामी. वरच्या गल्लीला मग कोरडं.” तीन आट्यांचं पाणी खालच्यांना, पुऱ्या आट्यांचं वरच्यांना. उताराचा आणि दाबाचा हिशेब कुठल्याही नकाशावर नाही. तो या माणसाच्या मनगटात आहे. हे कौशल्य थोर आहे, यात शंका नाही. पण ज्या व्हॉल्व्हवर ते चालतं, तो या कामासाठी केलेलाच नाही, आणि पुढचं सगळं दुखणं तिथून सुरू होतं.

आपल्या गावांच्या रस्त्यांखाली जो बसवलेला असतो तो स्लुस व्हॉल्व्ह, म्हणजेच गेट व्हॉल्व्ह. बिडाचा देह, आत पाचरीच्या आकाराचा जाड गेट, वर स्पिंडल. आटे फिरवले की गेट सरळ वर जातो आणि डोक्यावरच्या पोकळीत बसतो; पाण्याच्या वाटेत काहीही उरत नाही. हाच त्याचा मोठा गुण. शंभर मिलिमीटरचा उघडा गेट व्हॉल्व्ह पाण्याला जेवढा अडथळा करतो, तेवढा एखाद मीटर सरळ पाइपही करतो. त्याच मापाचा ग्लोब व्हॉल्व्ह बसवला तर तो सुमारे चौतीस मीटर पाइपाएवढा दाब खातो. टाकीच्या उंचीवर, गुरुत्वावर चालणाऱ्या योजनेत दाबाचा एकेक मीटर मोलाचा असतो, म्हणून गेट व्हॉल्व्हला पर्याय नव्हता. वाफेचा घण बनवणारे इंग्लंडमधले जेम्स नॅस्मिथ यांनी दोन्ही बाजूंनी घट्ट बसणाऱ्या पाचरीच्या स्लुस व्हॉल्व्हचं श्रेय आत्मचरित्रात स्वतःकडे घेतलं आहे. म्हणजे हे यंत्र पावणेदोनशे वर्षांच्या वर जुनं. आपल्याकडे त्याला आयएस १४८४६ हे मानक लागू आहे, आणि कोल्हापूर, हावडा, जालंधरच्या ओतशाळांनी त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलं आहे.

पण गेट व्हॉल्व्हची नेमणूक दोनच कामांसाठी असते: पुरा उघडा राहायचं, नाहीतर पुरा बंद. पाइप फुटला, जोडणी करायची आहे, तेव्हा तो भाग वेगळा काढायचा आणि काम झालं की परत उघडायचं. वर्षातून दोन-चारदा. आपण त्याला दिवसातून दोनदा फिरवतो, आणि वर तोटी म्हणून वापरतो. तीन आटे उघडल्यावर गेटखाली दोनेक सेंटिमीटरची फट पडते. सगळं पाणी त्या फटीतून जोरानं घुसतं. गेट स्पिंडलच्या टोकाला लोंबकळत असतो, तो थरथरतो. पाण्यातली बारीक वाळू गेटची धार आणि खालची पितळी कडी खरवडत राहते. वर्ष-दोन वर्षांत त्या कडीवर चर पडतात. मग व्हॉल्व्ह कितीही आवळला तरी झिरपतो. पाणीपुरवठ्याचे अभियंते हे पहिल्या वर्षी शिकतात, आणि नोकरीला लागल्यावर नाइलाजानं विसरतात.

त्यात आणखी एक गंमत आहे. अर्धे आटे म्हणजे अर्धं पाणी असा हिशेब गेट व्हॉल्व्हला लागू पडत नाही. लांबलचक लाइनवर व्हॉल्व्ह पुरा उघडा असताना जेवढं पाणी जातं, तेवढंच जवळजवळ तो अर्धा असतानाही जातं. खरा खेळ बंद होतानाच्या शेवटच्या तीन-चार आट्यांत. म्हणून मामांचा तीन आणि चारमधला फरक एवढा जीवघेणा. नवा माणूस लावला आणि त्यानं अंदाजानं पाच आटे दिले, तर वरच्या गल्लीतला मोर्चा दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसतो.

जुन्या पद्धतीच्या गेट व्हॉल्व्हच्या तळाशी एक खाच असते, गेट टेकायला. तिच्यात वाळू, खडे, गंजाचे पापुद्रे साचतात आणि गेट बोटभर वरच थांबतो. व्हॉल्व्हमन मग चार-पाच वेळा उघडझाप करून तो गाळ पाण्याच्या झोतानं उडवतात. नवे व्हॉल्व्ह रबर चढवलेल्या गेटचे येतात, त्यांचा तळ सपाट असतो, खाच नाही. झिरपणंही कमी. पैसे जास्त लागतात, आणि धारदार खडा सापडला तर रबर फाटतं. तरी नव्या लाइनवर जुना प्रकार बसवण्यात आता काही अर्थ उरलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

“साहेब, स्पिंडल फिरतंय, पर गेट पडलाय खाली,” असं मामांनी एका चेंबरपाशी सांगितलं. म्हणजे गेटला धरणारी नट झिजून तुटली होती. वर चावी आरामात फिरते, आटेही बरोबर भरतात, आत मात्र गेट तळाशी बसून राहिलेला. रस्त्याखालच्या व्हॉल्व्हमध्ये स्पिंडल जागच्या जागी फिरतो, वर-खाली होत नाही, त्यामुळे आत काय चाललंय ते बाहेरून कळायला मार्ग नाही. पंपघरात जो स्पिंडल उघडल्यावर वर येतो, तो पाहूनच सांगता येतं की व्हॉल्व्ह किती उघडा आहे. पण त्याला डोक्यावर जागा लागते. चेंबरमध्ये ती नसते.

हा प्रश्न फक्त गावगाड्याचा नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडला आणि परत बसलाच नाही. नियंत्रण कक्षातला दिवा मात्र बंद झाल्याचं सांगत होता, कारण तो दिवा व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवतच नव्हता. बंद होण्याचा हुकूम सुटला एवढंच दाखवत होता. दोन तासांहून अधिक वेळ अणुभट्टीचं पाणी त्या वाटेनं निघून जात राहिलं आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला. सुशिक्षित, प्रशिक्षित माणसं समोर बसलेली असताना. मामांना निदान चावीच्या हलकेपणावरून संशय येतो.

आता नासण्याचं. पाणी दिवसाआड किंवा चार दिवसांनी येतं तेव्हा मधल्या वेळेत पाइप रिकामा असतो. संभाजीनगर, जालना, मनमाड या गावांनी तर दोन पाळ्यांमधले कितीतरी दिवस मोजलेले आहेत. व्हॉल्व्ह बंद झाला की उंचावरचं उरलंसुरलं पाणी खाली उतरतं आणि मागं पोकळी होते. ती पोकळी बाहेरून ओढायला लागते. कुठून? प्रत्येक गळक्या सांध्यातून, सडलेल्या नळजोडातून, आणि व्हॉल्व्हच्या स्वतःच्या ग्लँडमधून. स्पिंडल जिथून बाहेर येतो तिथं दोरीसारखं पॅकिंग भरलेलं असतं. रोज फिरवून ते सैल होतं आणि थेंब गळायला लागतात. दाब असताना पाणी बाहेर गळतं, दाब गेला की चेंबरमधलं आत जातं. चेंबरमध्ये काय होतं ते वर सांगितलंच आहे. त्यावर मोटर लावून पाणी ओढणारी घरं म्हणजे आगीत तेल. पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली की टाकीत क्लोरीन कमी पडलं का ते तपासलं जातं. व्हॉल्व्हच्या चेंबरचं झाकण उघडून बघायला कुणी जात नाही.

मोठ्या लाइनवर गोष्ट बदलते. सहाशे मिलिमीटरच्या बंद गेटवर चौरस सेंटिमीटरला पाच किलोचा दाब असेल, तर गेटच्या तोंडावर सुमारे चौदा टनांचा रेटा येतो. त्या रेट्याखाली गेट खोबणीत घासत वर ओढायचा. म्हणून मोठ्या व्हॉल्व्हला शेजारी छोटा बायपास देतात. आधी तो उघडून दोन्ही बाजूंचा दाब सारखा करायचा, मग मोठ्याला हात घालायचा. व्यास वाढत गेला की गेट व्हॉल्व्हचं वजन, उंची आणि किंमत हाताबाहेर जाते. तिथं बटरफ्लाय व्हॉल्व्ह येतो: पाइपात आडव्या दांड्यावर बसवलेली गोल तबकडी, पाव फेरी फिरली की उघडी, परत पाव फेरी की बंद. लांबीला आखूड, वजनाला हलका, मोठ्या मापात स्वस्त. मुंबईसारख्या शहरात, जिथं रोज पावणेचारशे ते चारशे कोटी लिटर पाणी दोन-तीन मीटर व्यासाच्या नळांतून येतं, तिथं गेट व्हॉल्व्ह घालणं म्हणजे दर चेंबरला एक इमारत बांधण्यासारखं झालं असतं.

तोटेही आहेत. उघडा असतानाही तबकडी प्रवाहाच्या मध्येच उभी असते. पाणी तिला वळसा घालून जातं आणि थोडा दाब कायमचा जातो. पाइप आतून घासून साफ करायला जो गोळा सोडतात, तो तिथं अडतो. तबकडीभोवतीचं रबर हा त्याचा जीव. ते फाटलं की गळती सुरू, आणि दोन मीटर व्यासाच्या लाइनवर रबर बदलायचं म्हणजे आख्ख्या उपनगराचं पाणी बंद. प्रवाह थोडाफार कमी-जास्त करायला तो गेटपेक्षा केव्हाही बरा, पण फार कमी उघडला तर तबकडीच्या मागं पाण्याचा दाब इतका घसरतो की त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पुढे फुटतात. बाहेर उभं राहिलं तर पाइपातून खडी वाहत असल्यासारखा आवाज येतो. त्या बुडबुड्यांच्या फुटण्यानं लोखंड पोखरतं. हा आवाज ऐकू आला की व्हॉल्व्ह आणखी उघडावा नाहीतर पुरा बंद करावा. तसाच ठेवू नये.

आणि पाव फेरीत बंद होतो हा गुण कधी काळ होईल सांगता येत नाही. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यातले नळ का फुटतात हे शोधायला निकोलाय झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९७ च्या सुमारास तिथल्या आलेक्सेयेव्हस्काया पंपिंग केंद्रात प्रयोग केले आणि १८९८ मध्ये त्याचं गणित छापलं. पुढं विमानविद्येत मोठं नाव झालेला हाच तो माणूस. गणित थोडक्यात असं: सेकंदाला एक मीटर वेगानं जाणारं पाणी लोखंडी पाइपात एकदम अडवलं तर दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे दहा किलोनं उसळतो, म्हणजे शंभर मीटर उंचीच्या पाण्याएवढा. ही दाबाची लाट सेकंदाला हजारेक मीटर वेगानं पाइपातून मागं जाते आणि परत येते. दोन किलोमीटरच्या लाइनवर ती जाऊन यायला चार सेकंद. त्या चार सेकंदांच्या आत व्हॉल्व्ह बंद केला तर तो ‘एकदम’च बंद झाला असं पाण्याच्या हिशेबी धरायचं. बटरफ्लायला नुसता दांडा असेल तर धांदरट माणूस दोन सेकंदांत हे करू शकतो. म्हणून त्याला गिअरबॉक्स लावतात आणि मुद्दाम पन्नास-शंभर फेऱ्या फिरवायला लावतात. गेट व्हॉल्व्हचे वीस-चाळीस आटे कंटाळवाणे वाटतात खरे, पण तो कंटाळाच पाइप वाचवतो. ज्याला आपण उणीव म्हणतो तीच इथं राखण करते.

उपसा योजनांत हीच लाट वीज गेल्यावर येते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या कृष्णेवरच्या योजना असोत की चार शेतकऱ्यांनी मिळून केलेली पाच किलोमीटरची लाइन, पंप थांबला की चढावरचं पाणी मागं फिरतं. त्याला अडवायला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, सगळ्यांच्या तोंडी एनआरव्ही. आतली झडप पाण्याच्या रेट्यानं उघडते आणि उलटा रेटा आला की आपोआप पडते. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. पण झडप जड आणि उशिरा पडणारी असेल, तर तोवर पाणी वेग घेतं आणि ती धाडकन आदळते. पंपघराच्या भिंती हादरवणारा तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको. आपल्या उपसा लाइनींवर त्यासाठी झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह वापरतात: स्प्रिंगच्या जोरावर, पाणी मागं फिरण्याच्या आधीच, वेग शून्यावर येताच बंद होणारा. महाग आहे, स्प्रिंग थकते, पण फुटलेल्या पाइपापेक्षा स्वस्त. आणि एनआरव्ही अडकून उघडाच राहिला तर पंप उलटा फिरायला लागतो, ते आणखी वेगळं संकट.

या घराण्यातला सगळ्यात गरीब नातेवाईक म्हणजे विहिरीतला फूटव्हॉल. सक्शन पाइपाच्या बुडाशी बसतो, पाणी खाली उतरू देत नाही. तो झिजला की पंप ‘पाणी सोडतो’, मोटर नुसती गरगरते. मग शेतकरी काय करतो? शेणाचा काला करून पाइपात ओततो. शेण झडपेच्या फटीत जाऊन बसतं आणि तेवढ्या पाळीपुरतं काम भागतं. कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकात हा उपाय सापडणार नाही. महाराष्ट्रातल्या विहिरींवर मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. नवा फूटव्हॉल काही फार महाग नसतो, पण पाणी आज द्यायचं असतं आणि बाजार परवा.

एअर व्हॉल्व्हबद्दल लोकांचा समज असा की तो गळण्यासाठीच केलेला असतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात लांबच्या धरणावरून शहराकडे जाणाऱ्या लाइनवर दर काही अंतरावर घागरींची रांग दिसते, ती एअर व्हॉल्व्हपाशी. लाइन ज्या गावांच्या उरावरून जाते त्यांना पाणी नाही, शहराला आहे. मग कुणीतरी व्हॉल्व्हच्या तोंडात काडी किंवा दगड सारतं आणि धार सुरू होते. चोरी म्हणून गुन्हा दाखल करणं सोपं आहे. पण ज्या योजनेत वाटेवरच्या गावाला एक नळही ठेवलेला नाही, तिथं पहिला दोष आराखडा करणाऱ्याचा, असं मला वाटतं.

या व्हॉल्व्हचं खरं काम दुहेरी आहे. पाइप भरताना आतली हवा चढाच्या माथ्यावर गोळा होते. तिला वाट दिली नाही तर तेवढा पाइप चोंदतो आणि पाणी येत नाही. आणि पाइप रिकामा होताना आत हवा घ्यायची. हे दुसरं काम जास्त महत्त्वाचं. खालच्या बाजूला मोठा पोलादी नळ फुटला, पाणी वेगानं निघून गेलं आणि वरून हवा आत आली नाही, तर बाहेरच्या हवेच्या दाबानं पातळ पत्र्याचा तो नळ आत चेपतो. १८९२ मध्ये तानसा तलावाचं पाणी मुंबईत आलं तेव्हापासून ठाणे जिल्ह्यातून शहराकडे येणाऱ्या नळांवर जागोजागी एअर व्हॉल्व्हचे उंचवटे दिसतात. आजूबाजूची मुलं त्यावर बसून क्रिकेट बघतात. काडी घालून उघडा ठेवलेला किंवा गळतो म्हणून फळी ठोकून बंद केलेला एअर व्हॉल्व्ह, दोन्ही सारखेच घातक. खोलगट जागी याचा जोडीदार असतो, गाळ काढायचा वॉशआउट. नकाशात तो नेहमी असतो. जमिनीवर बहुतेक वेळा त्याच्यावर कुणाची तरी टपरी उभी असते.

ग्लोब व्हॉल्व्हवर फार वेळ घालवायचं कारण नाही. त्याच्या पोटात पाणी नागमोडी वळण घेतं, म्हणून दाब खातो. पण त्याच वळणामुळं प्रवाह बारकाईनं कमी-जास्त करता येतो आणि सीट झिजली तर बदलता येते. वाफेच्या लाइनी, बॉयलर, कारखाने हे त्याचं राज्य. दाब आपोआप कमी करणारे व्हॉल्व्ह बहुतेक याच वंशातले, आणि खालच्या आळीला तीन आट्यांनी पाणी देण्याचं मामांचं काम खरं तर अशा व्हॉल्व्हचं आहे. तो एकदा बसवून दाब ठरवून दिला की खालच्या आळीचा नळ चोवीस तास उघडा राहिला तरी वरच्यांचं पाणी पळत नाही. त्याला आधी गाळणी हवी, दर काही महिन्यांनी साफसफाई हवी, आणि आतला पडदा फाटला की कळणारा माणूस हवा. अनेक ठिकाणी तो बसवला गेला, बिघडला, आणि गुपचूप काढून तिथं जुना गेट व्हॉल्व्ह परत घातला गेला.

बॉल व्हॉल्व्ह घराघरांत आहे: दांडा पाइपाच्या दिशेला असेल तर चालू, आडवा असेल तर बंद. कुणालाही लांबून कळतं. आत आरपार भोक असलेला गोळा, त्याभोवती टेफ्लॉनच्या कड्या. पाणी सरळ जातं, बंद केला की थेंब नाही. अर्धवट उघडा ठेवायची सवय मात्र त्याला मारते. झोताखाली टेफ्लॉन कापलं जातं. आणि मुंबई-पुण्याच्या खाऱ्या-जड पाण्याच्या बोअरवर दोन-चार वर्षं हात न लावलेला दांडा ऐनवेळी हलतच नाही, किंवा हातात येतो.

हाच गोळा मोठ्या मापात गॅस आणि पेट्रोलियमच्या लाइनींवर असतो. तिथं पाइपाएवढंच भोक पाहिजे, कारण आतून सफाईचा आणि तपासणीचा ‘पिग’ सोडायचा असतो. बटरफ्लाय तिथं चालत नाही. गॅसच्या लाइनवर दोन व्हॉल्व्हमधलं अंतर वस्तीवर ठरतं. अमेरिकी संहितेनुसार विरळ भागात सुमारे ३२ किलोमीटर, मग २४, १६, आणि दाट शहरी वस्तीत ८. फुटलं तर दोन व्हॉल्व्हमधला गॅस जळणारच, तो थांबवता येत नाही. मागून येणारा थांबवायचा.

किती लवकर, हा प्रश्न कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रूनोनं जगापुढं ठेवला. ९ सप्टेंबर २०१० च्या संध्याकाळी तिथल्या वस्तीखालची तीस इंची गॅसलाइन फुटली. आठ माणसं गेली, ३८ घरं बेचिराख झाली. दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह होते, चांगल्या स्थितीत होते. पण ते हातानं फिरवायचे होते. माणूस घरून निघून, रहदारीतून तिथं पोचेपर्यंत आणि गॅस थांबेपर्यंत ९५ मिनिटं गेली. तिथल्या चौकशी मंडळानं दूरवरून किंवा आपोआप बंद होणारे व्हॉल्व्ह नसल्यावर बोट ठेवलं. ते बंधनकारक करणारा नियम नव्या मोठ्या लाइनींसाठी यायला २०२२ उजाडलं. दूरवरून बंद होणाऱ्या व्हॉल्व्हची उणीव अशी की चुकीच्या इशाऱ्यानं तो निष्कारण बंद होतो आणि हजारो घरांचा गॅस जातो. कंपन्या वर्षानुवर्षं हेच कारण पुढं करत आल्या. ९५ मिनिटांपुढं ते टिकत नाही.

तर मग चांगला व्हॉल्व्ह कुठला? निविदेत त्याचं उत्तर नेहमी एकच असतं: सगळ्यात कमी दराचा. नगरपालिकेचा अभियंता व्यास लिहितो, दाब लिहितो, मानक लिहितो. दिवसातून किती वेळा फिरणार आणि अर्धवट उघडा ठेवणार का, हे दोन रकाने मी तरी कुठल्या निविदेत पाहिलेले नाहीत. आणि व्हॉल्व्हचं आयुष्य त्या दोन गोष्टींवरच ठरतं. वर्षातून दोनदा फिरणाऱ्या गेट व्हॉल्व्हची तीस-चाळीस वर्षं निघतात. तोच रोज दोनदा फिरवा, वर तीन आट्यांवर टांगून ठेवा, तर त्याची दोन वर्षांत वाट लागते. मग दोष ओतशाळेचा की वापराचा?

कराडजवळच्या मलकापूरनं हा गुंता दुसऱ्या टोकाकडून सोडवला. तिथं महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या मदतीनं चोवीस तास पाणी देणारी योजना उभी राहिली, घरोघरी मीटर बसले. पाणी कायम असलं की लोक साठवत नाहीत, मोटरी लावत नाहीत. पाइप कधी रिकामा होत नाही, म्हणून गटारीचं पाणी आत ओढलं जात नाही. ओडिशातल्या पुरीनं २०२१ मध्ये आख्ख्या शहरापुरतं हे केलं. अशा गावात व्हॉल्व्ह पुरा उघडा असतो आणि रोज फिरवायची वेळच येत नाही, म्हणजे ज्या कामासाठी तो पावणेदोनशे वर्षांपूर्वी घडवला गेला तेच काम करतो. मामांसारख्या माणसांची तिथं गरज संपत नाही. गळती शोधायला, मीटर बघायला, दाब तपासायला त्यांच्याइतका जाणता माणूस मिळत नाही. सगळीकडे उद्याच चोवीस तास पाणी होणार नाही, हेही खरं. धरणात पाणी नसेल तर कुठलाच व्हॉल्व्ह ते निर्माण करणार नाही.

पण तोवर करण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्याला फार पैसे लागत नाहीत. रोज फिरणारे व्हॉल्व्ह वेगळे काढून त्यांची यादी करावी, त्यांचं ग्लँड पॅकिंग वर्षातून दोनदा बदलावं. चेंबरचा तळ पक्का करून गटारीचं पाणी बाहेर ठेवावं. जिथं पाणी वाटून द्यायचं आहे तिथं गेट व्हॉल्व्हऐवजी त्या कामाचा व्हॉल्व्ह बसवावा. कधीच न फिरणारे व्हॉल्व्ह वर्षातून एकदा उघडझाप करून बघावेत. आणि कुठल्या चेंबरला किती आटे, हे निवृत्त होण्याआधी मामांकडून लिहून घ्यावं. पुढच्या अंदाजपत्रकावर तुमची नगरपालिका हरकती-सूचना मागवेल, तेव्हा नव्या टाकीच्या उद्घाटनाबद्दल विचारण्याआधी एवढंच विचारा: गावात व्हॉल्व्ह किती, त्यांतले पुरे बंद होतात किती, आणि त्यांच्या दुरुस्तीला या वर्षी रुपये किती.